राजमतीसाठी गाडी

जगनंदनने सातवी गाडीही नापास केली, तेव्हा राजमतीने त्याला जपून जुन्या गाड्यांच्या यार्डाबाहेर आणलं. रस्त्याला लागल्यावर मात्र ती अशी भराभर चालायला लागली, की तिच्या दंडाला धरून चालणारा जगनंदन दोनदा ठेचकाळला.

"राग आलाय तुला," तो म्हणाला.

"मला कशाला राग? मी काय, बसनं हिंडेन जन्मभर. गठ्ठे मांडीवर घेऊन."

फिजीतल्या लबासात जगनंदनला ओळखत नाही असं माणूस सापडणं कठीण. एकतीस वर्षं त्याने लबासाहून डोंगर ओलांडून सावुसावुला जाणारी बस चालवली. खिडक्यांना काचा नसलेली, पाऊस आला की ताडपत्र्या खाली सोडायची ती बस. गियर टाकताना होणाऱ्या आवाजावरून तिला काय दुखतंय ते त्याला कळायचं. मग दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, की गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळायची. उरली होती ती एखाद्या नळीतून बघावं एवढीच, आणि तीही धुरकट. लायसन्स त्याने स्वतःच्या हाताने परत केलं. घरी येऊन चहा प्यायला.

राजमती शाळांचे गणवेश शिवायची. डोंगराच्या दोन्ही अंगांच्या शाळांची कामं तिच्याकडे होती, आणि इतकी वर्षं तिचे गठ्ठे नवऱ्याच्या सीटमागे बसून बिनभाड्याने गेले होते. आता नव्या ड्रायव्हरला गठ्ठ्यांची अडचण व्हायला लागली. तेव्हा चोपन्नाव्या वर्षी तिने शेजारच्या आपिसाई मेकॅनिकला गाठलं आणि त्याच्या जुन्या पिकअपवर गाडी शिकली. पहिल्याच परीक्षेत पास झाली. ही बातमी जगनंदनने अख्ख्या वस्तीला सांगितली, भाजीवालीला तर दोनदा.

पण गाडी घ्यायची वेळ आली आणि घोडं अडलं.

नवी गाडी परवडण्यातली नव्हती. जपानहून वापरलेल्या छोट्या गाड्या बोटीने येतात, त्यातलीच एक घ्यायची होती. जगनंदन प्रत्येक गाडीभोवती हात फिरवत जायचा. दाराच्या खालच्या कडेला बोटं घालून गंज चाचपायचा. ऑइलची पट्टी ओढून नाकाशी धरायचा. चवथ्या गाडीच्या वेळी तर त्याने कमालच केली होती. गाडी चकचकीत, मीटरवर अडुसष्ट हजार किलोमीटर. राजमतीचा जीव त्या गाडीवर जडलाच होता.

"ड्रायव्हरचं दार उघड," तो हळूच म्हणाला. "आत चौकटीवर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असेल. ऑइल बदललं की तिकडचे लोक किलोमीटर लिहून लावतात. वाच."

"अहो, मला जपानी येतं का?"

"आकडे तर येतात?"

राजमतीने वाकून वाचलं आणि ती हळूच म्हणाली, "एक लाख बारा हजार."

यार्डवाला लांब उभा होता. जगनंदनने त्याला हाक मारली. "काय रे बाबा, ही गाडी बोटीवर उलटी चालत आली वाटतं!"

तेव्हा राजमतीला नवऱ्याचं कोण कौतुक वाटलं होतं. पण पाचवीच्या सीटला वास येतोय म्हणून नाही, सहावीचा रंग मागाहून मारलाय म्हणून नाही, आणि आज सातवीचं बॉनेट गरम लागलं म्हणून नाही. तीन महिने झाले होते.

घरी आल्यावर तिने तवा चढवला आणि पोळी लाटता लाटता बोलून टाकलं. "तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये. बायको चालवणार आणि आपण शेजारी बसणार, हे जड जातंय. तसं सांगा. मी समजून घेईन."

जगनंदन दारातल्या बाकावर बसला होता.

"बॉनेट गरम होतं, म्हणजे आपण यायच्या आधी त्यांनी गाडी चालू करून ठेवली होती," तो म्हणाला. "थंड इंजिन सकाळी पहिल्यांदा चालू होताना खरं बोलतं. ते आपल्याला ऐकू द्यायचं नव्हतं त्यांना."

"मी ते नाही विचारलं."

"माहितीय." त्याने तोंड तिच्याकडे वळवलं. "राजो, बस डोंगरात बंद पडली, तर माझ्याबरोबर चाळीस माणसं असायची. कोणी पाणी आणायचं, कोणी धक्का मारायचं. तुझी गाडी बंद पडली, तर तुझ्याबरोबर असणार मी. आणि मी काय कामाचा? चाकाचा नट खाली पडला तर मला शोधता येणार नाही."

तव्यावरची पोळी करपली. राजमतीने ती बाजूला टाकली, गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच त्याच्याजवळ येऊन बसली.

"कधीच बंद पडणार नाही अशी गाडी शोधताय होय?"

"हो."

"आहे का अशी?"

"नाही," तो म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं.

"मग मला शिकवा," ती म्हणाली. "बंद पडली तर काय करायचं ते. तुम्ही सांगा, मी हात चालवते. शिलाईचं मशीन काय तुम्ही दुरुस्त करता का?"

पुढचे पंधरा दिवस आपिसाईच्या शेडमध्ये हीच शाळा भरली. राजमतीने चाक बदललं, इंजिनाचा पट्टा ताणून बघितला, रेडिएटरचं झाकण कधी उघडायचं नाही ते पाठ केलं. आपिसाई बाजूला बसून दालोचा अळूसारखा कंद सोलत टोमणे मारायचा. "वहिनी, एवढा मान देऊन नट पिळू नका. तो काय तुमचा जावई आहे?"

गाडी सांगितलीही त्यानेच. मेरेआनी नावाच्या निवृत्त मास्तरीणबाई लेकाकडे राजधानीला, सुवाला, कायमच्या निघाल्या होत्या. त्यांची छोटी पांढरी गाडी नऊ वर्षं एकाच हातातली होती. "दिसायला कुरूप आहे," आपिसाई म्हणाला. "डाव्या बाजूला पोचा आहे, मांजराने मागची सीट फाडलीय. पण तिचं ऑइल नऊ वर्षं मीच बदललंय. काय सडलं आणि काय नवं घातलं, मला विचारा."

जगनंदनने निरोप धाडला, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. सकाळी दोघं पोचले, तेव्हा मास्तरीणबाई अंगणात गाडीला टेकून उभ्या होत्या. जणू कोणी चोरून चालू करील म्हणून पहाऱ्यावर.

जगनंदनने बॉनेटवर तळवा ठेवला. थंड. राजमतीने किल्ली फिरवली. त्याने मान तिरकी करून ऐकलं. पाच मिनिटं ऐकतच राहिला. मास्तरीणबाई राजमतीच्या कानाशी लागल्या. "माझ्या लग्नात पाद्रीबाबा एवढे गंभीर नव्हते हो."

मग तिघं डोंगराकडे निघाले. चढावर गाडीने कुरकुर केली नाही. उतारावर राजमतीने ब्रेक दाबला आणि जगनंदन म्हणाला, "डावीकडे ओढतेय. बाई, डाव्या चाकाला काय झालं होतं?"

मास्तरीणबाई मागच्या फाटक्या सीटवरून पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "घोडा आडवा आला होता. मी फणसाच्या झाडावर घातली. पोच्याचं सांगणार होते, ब्रेकचं मलाच कळलं नव्हतं. घोडा ठीक आहे."

"आणि तुम्ही?"

"मला महिनाभर मान वळवता येत नव्हती. इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नाही मला."

"ब्रेक आपिसाई मोकळा करील," जगनंदन म्हणाला. आणि मग राजमतीला म्हणाला, "घेऊ या हिला."

किल्ली देताना मास्तरीणबाईंनी गाडीच्या छतावर दोनदा थोपटलं आणि मागे न बघता घरात निघून गेल्या.

दुसऱ्या महिन्यात गाडी डोंगरात बंद पडली.

मागे सावुसावुच्या शाळेचे साठ गणवेश होते. ऐन चढावर इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर गेला, बॉनेटखालून वाफ आली. राजमतीने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"आता?" ती म्हणाली.

"आता जेवू या," जगनंदन म्हणाला. "ती गार होईपर्यंत हात लावायचा नाही."

ते दगडावर बसले. डब्यात बटाट्याची भाजी आणि पोळ्या होत्या. जगनंदनने सावकाश चावून चावून खाल्लं, आणि त्याला इतकं निवांत बघून राजमतीनेही दुसरी पोळी घेतली. मग तो उठला, इंजिनात हात घालून नळ्या चाचपत गेला आणि एके ठिकाणी थांबला.

"वरची नळी. पकडीपाशी चिरलीय, बोटभरच. बाकी घट्ट आहे. पकड सैल कर. चिरलेला तुकडा कापायचा आणि नळी पुन्हा चढवायची."

"कापू कशानं?"

तिलाच आठवलं. गणवेशांच्या गठ्ठ्यावर तिची मोठी कात्री होती. कापडाशिवाय कशालाही तिने ती कधी लावली नव्हती. पोरांनी कागद कापला तर बोलणी बसायची. तिने कात्री हातात घेतली, क्षणभर बघितली आणि रबराचा तो तुकडा कराकरा कापून टाकला. नळी चढवताना जोर पुरेना, तेव्हा जगनंदनने तिच्या हातांवरून आपले हात धरले आणि दोघांनी मिळून ती दाबून बसवली. खालच्या ओढ्यातून तिने तीन वेळा बाटली भरून आणली आणि रेडिएटरात ओतली.

तेवढ्यात सावुसावुची बस वर आली आणि थांबली. नव्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "उस्ताद! काय झालं? माणसं उतरवू का?"

जगनंदनने सवयीने तोंड उघडलं, पण राजमतीच आधी बोलली. "काही नको. नळी होती. झालं आमचं."

बस पुढे गेली. राजमतीने किल्ली फिरवली, काटा बघितला, हळूच पुढचा चढ घेतला.

तिसऱ्या वळणावर जगनंदन म्हणाला, "या बाजूला खाली काय आहे गं?"

"तुम्हाला माहीत नाही? एकतीस वर्षं?"

"मी रस्ता बघत होतो," तो म्हणाला. "बाजूला कधी बघितलंच नाही."

राजमतीने वेग कमी केला. ओढ्यात दोन बाया कपडे धूत होत्या, पलीकडे नारळ होते, एका झोपडीच्या छपरावर लाल पत्रा होता, आणि तिथून खाली अगदी लांबवर समुद्राची एक पट्टी चमकत होती. तिने एकेक सांगायला सुरुवात केली, आणि तो मान त्या बाजूला करून ऐकत राहिला.