दगडासाठी स्थळ

काही वर्षांपूर्वीची शुक्रवार सकाळ, इकडे आखातात, अमवाजमधल्या आमच्या इमारतीची गच्ची. हजर: मी, तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीवहिनी, त्यांची पाण्याची झारी, आणि झारीपुढे तळहात आडवा धरून उभे असलेले वसईचे अंकल.

"वहिनी, पाणी नको. स्थळ सुचवा."

"अहो, वाळून दगड झालाय तुमचा निवडुंग."

"तो दगडासारखाच दिसतो. तहान त्याला नाही, तुम्हाला लागलीय."

अंकल झल्लाकच्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळायचे. लग्न केलं नाही. निवडुंग मात्र बी पेरून वाढवला होता. मूळ मेक्सिकोच्या माळावरचा. रानात आता थोडेच उरलेत, चोर उपटून विकतात. या जातीचं फूल स्वतःच्या परागाने फळत नाही, दुसरं झाड लागतंच. म्हणून लिफ्टमध्ये, लग्नात, चर्चच्या पायऱ्यांवर अंकल स्थळ विचारत फिरायचे. आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण विचारायचे थांबत नसत.

त्यांचा व्हिसा संपत आला त्या वर्षी जोशीवहिनींनी मोबाइलवर एक झाड दाखवलं. फुलावर आलेलं, घरपोच मिळणारं. अंकलनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"मुळं तुटलीत. रानातून ओढून काढलंय. पळवून आणलेली मुलगी मी घरात घेत नाही."

"अंकल, व्हिसा संपतोय. आता कसली चिकित्सा?"

"माझा संपतोय. त्याला घाई नाही."

अंकलच्या निवडुंगाचं त्या वर्षीचं फूल तसंच सुकलं. परवान्याशिवाय झाड विमानात नेता येत नाही, म्हणून कुंडी माझ्याकडे आली. "तुम्ही कामं लिहून करता," ते म्हणाले, "आणि उगाच लाड करत नाही." मी हे कौतुक समजले.

यंदा इथेच, सित्र्यात स्थळ मिळालं. कोल्हापूरचे एक केमिस्ट, त्यांचंही झाड बियांपासूनचं. आमचं फूल आधी उमललं. मी मेकअपच्या नव्या ब्रशने पराग झाडून कागदाच्या पुडीत घेतला आणि पुडी डबाबंद करून फ्रीजमध्ये ठेवली. जोशीवहिनी रोज विचारायच्या, "मुलीकडून काही निरोप?"

आज सकाळी सित्र्याहून फोटो आला: फूल उमललं. उद्यापर्यंत टिकेल, इंशाल्ला.

डबा पर्समध्ये आहे. माझी शिफ्ट सुटायला अजून अवकाश आहे. तिकडे वसईत अंकल सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या व्हिडिओ कॉलची वाट पाहतायत.