पायावरचा कंगवा
मी इंदूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होतो. वडील महूला फौजेत होते. प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय मला त्यांच्याकडून लागली. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना नव्या मॅडम आल्या आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "काका, आपल्याला चिलटं पकडायचीयेत."

मला वाटलं, गंमत करतायत. पिकल्या केळ्यावर घोंगावणारी चिलटं मी जन्मभर फक्त हाकलली होती. तरी मल्हारगंजातल्या एका फळवाल्याच्या दुकानामागे आणि सिमरोलजवळच्या एका पेरूच्या बागेत मी सडक्या केळ्याच्या बाटल्या ठेवून आलो. फळवाला म्हणाला, "भिया, लोग मक्खी भगाते हैं, तुम लेने आए हो." दोन दिवसांत बाटल्यांत शेकडो चिलटं जमली.

त्यांना ईथरने गुंगवायचं आणि बारीक ब्रशने जातवार वेगळं करायचं, हे काम माझ्याकडे आलं. नर आणि मादी ओळखायला मी लवकर शिकलो. मग नरांचे सरळ दोन गट केले: काळ्या पोटाचे एका बाटलीत, फिकट पोटाचे दुसरीत. आठवडाभर मान मोडून बसलो.

मॅडमनी बाटल्या पाहिल्या. रागावल्या नाहीत. मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "रंग विसरा काका. पुढचा पाय बघा."

डोळा लावला. केसाहून बारीक त्या पायावर काळ्या दातांचा कंगवा होता, एकेक दात मोजावा इतका स्वच्छ. माझ्या फिकट नरांपैकी काहींच्या पायावर आखूड आखूड ओळी होत्या, काहींच्या पायावर मात्र दोनच, लांब आणि तिरप्या. मग काळ्या पोटाचा नर ठेवला. त्याच्याही पायावर त्याच दोन तिरप्या ओळी.

"म्हणजे हा दोन ओळींचा फिकट त्या काळ्याचा भाऊबंद?"

"अगदी जवळचा. आणि तुम्ही त्याच्याबरोबर ठेवलेला दुसरा फिकट, तो लांबचा चुलत. तरी डीएनए बघू या."

काही महिन्यांनी डीएनएची तपासणी झाली आणि मॅडमनी स्क्रीनवर एक झाड दाखवलं, नुसत्या रेघांचं. काळा आणि दोन ओळींचा फिकट अगदी टोकाशी एका फांदीवर होते. दुसरा फिकट कितीतरी खालून फुटलेला.

"ही खालची फूट कधीची?" मी विचारलं.

"लाखो वर्षांपूर्वीची. तेव्हा माणूस नव्हता."

तेवढा काळ एकमेकांपासून वेगळं राहून ही चिलटं मल्हारगंजात एकाच केळ्यावर बसत होती. मॅडमनी मला दोन जातींची एकेक जोडी बाटलीत घालून बघायला लावली. नर एक पंख बाहेर काढून थरथरवायचा. आपल्या जातीची मादी थांबायची, दुसरी लाथ मारून पुढे जायची.

"तिला कसं कळतं?"

"त्या पंखाचं गाणं असतं. आपल्याला ऐकू येत नाही."

मी सगळ्या बाटल्या पुन्हा लावल्या, या वेळी कंगवा बघून. सिमरोलचा एक नर मात्र कशातच बसेना. मॅडमनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मलाही माहीत नाही." त्या म्हणाल्या ते इतक्या आनंदाने, की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. तो स्पिरिटच्या छोट्या कुपीत ठेवला. वर चिठ्ठी माझ्या अक्षरातली आहे: ओळख पटलेली नाही.