सातव्या वळणावरचा हिरवा झेंडा

शिंपीणबाईंचा मोटरसायकलच्या शर्यतींशी संबंध आला तो फाटक्या झेंड्यांमुळे. ट्रॅकवरचे झेंडे वाऱ्यानं कडेला उसवायचे आणि दुरुस्तीला त्यांच्याकडे यायचे. एकदा झेंडे न्यायला आलेल्या सरांना त्यांनी विचारलं, "यातला पिवळाच जास्त का फाटतो हो?"

सर म्हणजे एके काळचे शर्यतपटू. आता एका पायानं लंगडायचे आणि ट्रॅकच्या कडेच्या चौक्यांवरून झेंडे दाखवणाऱ्या मार्शल लोकांना शिकवायचे. ते म्हणाले, "पिवळा म्हणजे पुढे धोका. तोच सगळ्यात जास्त हलवावा लागतो. एवढं लक्षात आलं तुमच्या, तर शिकायलाच या."

सेहेचाळिसाव्या वर्षी बाई वर्गात जाऊन बसल्या. "स्कूटरवर मागे बसलीस की माझा शर्ट फाडतेस, आणि शर्यत सांभाळणार म्हणे!" असं नवरा चिडवायचा, पण त्यांचा डबाही तोच भरायचा. टायरच्या दुकानावरची खोली, रबराचा उग्र वास, पंधरा पुरुष आणि त्या एकट्या. लेखी परीक्षेत त्या दुसऱ्या आल्या. पण परवाना लगेच मिळत नसे. तीन शर्यती जुन्या मार्शलच्या हाताखाली काढायच्या, शेवटी त्याची सही झाली की कार्ड.

सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायचे. "शर्यतीआधी पाहणीची गाडी फेरी मारते. ज्या चौकीवर सगळं जागच्या जागी आहे, तिथं हिरवा झेंडा. एका चौकीवर जरी हिरवा दिसला नाही, तरी शर्यत सुटत नाही."

दोन शर्यती सुरळीत गेल्या. तिसरीला बाईंना सातवं वळण मिळालं. तिथं चढ संपताच रस्ता एकदम खाली वळायचा. गाडी दिसेपर्यंत ती अंगावर आलेली असायची. कठड्यावर निळे, लाल, काळे ओरखडे होते. कुठल्या गाडीचा रंग कुठला, हे विचारावंसं बाईंना वाटलं नाही.

चौकीप्रमुख होते दादा. विजेच्या सामानाचं दुकान, बारा वर्षांचा अनुभव, बोलणं साखरेसारखं. तपासणीचा कागद ते घरूनच भरून आणायचे. बाईंनी आग विझवायची टाकी उचलून पाहिली. काटा शून्यावर होता.

"दादा, ही रिकामी आहे."

"तीन वर्षं तीच आहे. काही झालंय का?"

"पण कागदावर भरलेली लिहिलीय."

दादा हसले. "बाई, तुमच्या कार्डावर आज माझीच सही लागणार आहे, हं."

चढापलीकडून पाहणीच्या गाडीचा आवाज येऊ लागला. झेंडा हातात होता, हात वर जाईना. त्यांनी तो जाऊ दिलाच नाही.

गाडी थांबली. शर्यत पाऊण तास लांबली. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी जवळच्या पेट्रोल पंपावरून भरलेली टाकी उसनी आणली, तेव्हा कुठे शर्यत सुटली. बाई दिवसभर जीव मुठीत धरून उभ्या होत्या. काहीच घडलं नाही.

"पाहिलंत?" दादा एवढंच म्हणाले.

संध्याकाळी सरांनी विचारलं, "टाकी बदलली, ते कळलं. आणखी काही सांगायचंय?" दादा शेजारीच उभे होते, खिशाला पेन. घरून भरलेला कागद बाईंच्या जिभेवर आला होता. "नाही सर," त्या म्हणाल्या. दादांनी सही केली. "आठवड्यात कार्ड छापून येईल," असं सर म्हणाले.

घरी आल्यावर मशीनवर बसल्या की बाईंची शिवण वाकडी जायची. उसनी टाकी दुसऱ्याच दिवशी पंपावर परत गेली असणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "सरांना फोन कर," नवरा म्हणाला. उद्या करते, म्हणाल्या. उद्याचे बारा दिवस झाले.

तेराव्या दिवशी, भर दुपारी, सर दारात आले. सरावात एक गाडी सातव्या वळणावर घसरली, पेटली. दादांनी टाकीचा खटका दाबला, फुस्स झालं. पुढच्या चौकीवरची टाकी पळत आणेपर्यंत गाडी चालवणाऱ्या पोराचे दोन्ही हात भाजले होते.

"वाचेल," सर म्हणाले. "बोटांचं सांगता येत नाही." मग खिशातून बाईंचं नवं कोरं कार्ड काढून त्यांनी मशीनवर ठेवलं. बाईंनी त्याला हात लावला नाही.

चौकशीच्या खोलीत दादा समोरच बसले होते, मान खाली. हिरवा झेंडा अडवल्याबद्दल चौकशी समितीनं बाईंचं कौतुक केलं. बाई उभ्या राहिल्या. "अर्धंच ऐकलंत तुम्ही. कागद घरून भरून येतो, हे मला त्या दिवशीच माहीत होतं. सरांनी विचारलं, मी नाही म्हणाले. मला कार्ड हवं होतं."

सरांनी चष्मा काढला आणि ते तो बराच वेळ पुसत राहिले.

दादांचा परवाना कायमचा गेला. बाईंचा एका वर्षासाठी रोखला. जिना उतरताना सर म्हणाले, "गप्प राहिला असतात तर कार्ड राहिलं असतं."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "नवा वर्ग कधी सुरू होतो?"

"सोमवारी."

सोमवारी बाई टायरच्या दुकानाचा जिना चढून गेल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या.