अकोल्याहून ओ येईना

माझ्या भाचीचं जमत आलेलं लग्न मी एका मिलिसेकंदावरून मोडायला निघालो होतो.

भाची म्हणजे ताईची पल्लवी, नांदगाव खंडेश्वरला कृषी खात्यात आहे. मुलगा निखिल, अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवतो. फोटो पसंत, दोघांचं फोनवर बोलणंही झालेलं. हल्ली पहिली बैठक व्हिडिओवर उरकतात, पोहे वाचतात. घरातला कॉम्प्युटरवाला म्हणून तांत्रिक बाजू माझ्याकडे आली. (राजापेठेतल्या एका क्लासमध्ये मी हॉलतिकिटांच्या प्रिंट काढतो. नातेवाइकांना एवढं पुरतं.)

ताईच्या हॉलमध्ये लॅपटॉप मांडून मी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत पिंग लावलं.

"हे काय करून राहिला?" ताईनं विचारलं.

"पिंग. आपण हाक मारायची, तिकडून ओ यायले किती वेळ लागते ते मोजायचं. आकडा जितका कमी, तितकं नेट चांगलं."

"मग किती आला?"

"एक मिलिसेकंद. तू डोळा मिटायच्या आत हाक जाऊन परत."

ताईनं डोळा मिटून पाहिला.

बैठक सुरू झाली. निखिलच्या आईंनी मला विचारलं, "मामा, तुमी काय करता?" मी फाडकन आणि सविस्तर उत्तर दिलं. त्या मात्र बराच वेळ माझ्याकडे काळजीनं पाहत राहिल्या.

मग मी निखिलला विचारलं, "कॉलेज घरापासून लांब आहे का?" तो नुसता बघत बसला. ताईनं खाकरून घेतलं, पदर सारखा केला, तेव्हा कुठे उत्तर आलं.

"व्यायाम वगैरे करता?" शांतता. पोरगा लाजला असेल, म्हणून मी पुढचा प्रश्न टाकला, "दारूबिरू घेत नाही ना?"

निखिल प्रसन्न हसला. "हो, रोज सकाळी. बाबाही असतात सोबत."

बैठक लवकर संपली.

"सकाळी," ताई म्हणाली, "अन् बापासंगं."

"मामा, नेट अटकून राहिलं असन," पल्लवी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "पाह्य. आकडा अजूनही एकच. मशीन खोटं बोलत नाही, बाई. पोरगाच स्लो हाये. वरून पिते."

"उद्या फोन करून नाही म्हणते मी," ताईनं निकाल दिला.

पल्लवीनं निखिलला फोन लावला, आमच्यासमोर, स्पीकरवर. तो तर तडातडा बोलत होता. दारूचं ऐकून म्हणाला, "अहो, ते व्यायामाचं उत्तर होतं!" मग पल्लवीनं पिंगचं सांगितलं.

"एक मिलिसेकंद? मामांनी हाक कोणाले मारली ते पाहा बरं."

तिनं खिडकीतला पत्ता वाचून दाखवला.

"तो तुमच्या घरातलाच राऊटर आहे," स्लो मुलगा तत्काळ म्हणाला.

राऊटर टीव्हीखाली होता. बैठकभर मी त्यालाच हाका मारत होतो आणि तो बिचारा ओ देत होता.

"म्हणजे मामा," पल्लवी म्हणाली, "अकोल्याचा रस्ता मोकळा हाये का, ते तुमी आपल्याच दाराची कडी वाजवून पाहून राहिले होते."

तिनं बाहेरच्या पत्त्याला पिंग लावलं. आकडा तीन हजारांच्या वर, मधेमधे ओच नाही. शोधता शोधता कारणही सापडलं. माझ्याच मोबाईलमधले झाडून सगळे व्हिडिओ सकाळपासून ताईच्या वायफायवरून नेटवर चढत होते. (दुसऱ्याचं वायफाय मिळालं की मी ते काम उरकून घेतो.) ताई त्या रात्री मला जेव म्हणाली नाही.

पुढच्या रविवारी अकोल्याची मंडळी आली. पोहे वाचले नाहीतच. लग्न पक्कं झालं. मी पाणी आणायला गेलो, तर स्वयंपाकघरात निखिलच्या आई ताईला हळूच विचारत होत्या, "पोरीचे मामा लहानपणापासूनच असे हायेत काय? साधं काय करता विचारलं, तर कितीक वेळ नुसते पाहून राहिले होते. आमी दोन दिवस विचार केला. निखिल म्हणते नेटमुळं झालं, पण तो सगळ्यांचीच बाजू घेते. शेवटी म्हटलं, मामा काही आंदणात येऊन नाही राहिले."

एवढ्यात त्यांना मी दिसलो. त्या ओशाळल्या, आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "मामा, तुमी, काय, करता?"

कुठून सुरुवात करावी, याची मी जुळवाजुळव करू लागलो. राऊटर, मोबाईल, तीन हजार... त्या काळजीनं पाहत राहिल्या. या खेपेला आमच्यामधे नेट नव्हतं. फक्त पोह्यांची प्लेट होती.