लोखंड दाराबाहेर

गल्लीतल्या फिजिक्सच्या बाई चहाला बोलावत, पण आधी खिशातल्या किल्ल्या बाहेर काढायला लावत. "सायकल नळापाशीच ठेवजो गा," हे खिडकीतून रोजचंच. त्यांच्या अंधाऱ्या खोलीत काचेच्या बरणीत रेशमाच्या धाग्याला लोहचुंबक टांगलेलं होतं. त्याला चिकटवलेल्या आरशावरून दिव्याचा कवडसा भिंतीवर पडे. जवळपास लोखंड हललं की कवडसाही हले, एरवी ढिम्म. समोरचे काका मुद्दाम स्कूटर बाईंच्या दाराशी लावत आणि विचारत, "काहून बाई, आज तरी आपोआप हललं काय?"

एका संध्याकाळी माझ्या रेडिओवर नुसती खरखर होती. तेवढ्यात बाई बाहेर आल्या. आधी त्यांनी सगळी गल्ली न्याहाळली, कुठं काही हललं नव्हतं. काका सीताबर्डीच्या बाजारात निघाले होते; किल्ली पायरीवर ठेवायला लावून त्यांना बाहीला धरून आत आणलं, मलाही बोलावलं.

"सूर्याहून वादळ आलं भाऊ. विजेचे कण पृथ्वीले वेढा घालून फिरून राहिले, तेच माह्या चुंबकाले ढकलून राहिले."

कवडसा खुणेपासून बोटभर सरकला होता. आमच्यादेखत आणखी सरकला. बाईंचा चेहरा लेकीच्या लग्नातल्यासारखा फुलला होता.

काका बाहेर आले. त्यांनी स्कूटरकडे पाहिलं, तिला हात न लावता पायरीवरची किल्ली मला दिली, "वादळ गेल्यावर हलवजो" म्हणाले आणि सीताबर्डीला पायी निघाले.