दलदलीत टिकलेले चेहरे

मंगळवारी सकाळी इकडे दक्षिणेत, अंबत्तूरच्या कारखान्यात माझे पती यंत्रापाशी कोसळले आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेले.

मुलगी कॅनडात होती. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आई, मी येईपर्यंत त्यांना नेऊ नका. मला बाबांना बघायचंय." ती गुरुवारी पोचणार होती.

साताऱ्याहून नणंदेचा फोन आला. "अगं, दिवस मावळायच्या आत उरका. माझा भाऊ काय बाजारातली मासळी आहे, बर्फात ठेवायला?"

शेजारच्या बाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या. "इथं सगळेच ठेवतात, अक्का," त्या म्हणाल्या. "लेक येऊ दे. तोंड पाहू दे तिला." त्यांनीच फ्रीझर बॉक्स मागवला. वर काचेचं झाकण, खाली घरघरणारं यंत्र. त्याची वायर टीव्हीच्या प्लगला जोडली.

मी हो म्हटलं, त्यामागे माझं वाचनही होतं. त्या दिवसांत मी उत्तर युरोपातल्या दलदलींविषयी वाचत होते. तिथं पाण्यात शेवाळ साचत जातं आणि नीट कुजत नाही. पाणी थंड, आम्लधर्मी, प्राणवायू जवळजवळ नाही, त्यामुळे कुजवणारे जंतू फारसे जगत नाहीत. शेवाळातून उतरणारी द्रव्यं माणसाची त्वचा चामड्यासारखी कमावतात. हाडं मात्र त्या पाण्यात विरत जातात. दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं तिथं सापडली आहेत, कपाळावरच्या आठ्या आणि हनुवटीवरचे खुंट यांच्यासकट. त्यातल्या एकाचं छायाचित्र मी यांना दाखवलं होतं.

"झोपलाय की हा," हे म्हणाले होते. "उठव त्याला, शिफ्ट चुकेल."

थंडी मिळाली की चेहरा राहील, असं मी धरून चालले. पण पेटीत नुसती थंडी होती. काचेवर सारखं पाणी धरायचं, शेजारच्या बाई ते पुसायच्या. बुधवारी दुपारी वीज गेली आणि बराच वेळ आली नाही. नंतर काच पुसली तेव्हा ओठ काळे पडले होते आणि गाल आत ओढले गेले होते.

मुलगी विमानतळावरून थेट आली. पाठीवरची बॅगही न काढता काचेवर वाकली.

"हे बाबा नाहीत," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "का ठेवलंस गं?"

"तूच म्हणालीस."

"मी काहीही म्हणेन. तू वाचतेस ना एवढं? तुला कळत नव्हतं?"



त्याच दुपारी त्यांना नेलं. दुसऱ्या दिवशी मडक्यात हाडं मिळाली. दलदल जे ठेवते ते आगीनं आधी नेलं होतं, आणि दलदलीत जे विरतं ते आमच्या हातात आलं. आम्ही ते समुद्रात सोडलं.

मुलगी परत गेली आहे. बाबा आठवायला गेलं की काचेखालचा चेहराच समोर येतो, असं ती सांगते. माझंही तसंच होतं. त्यांचे आधीचे फोटो कपाटात आहेत. आम्ही दोघीही ते बघत नाही.