शनिवारचं लोखंड

काही प्राणी नुसतं खायला घालून मोठे होत नाहीत. हे गणिताच्या शिकवण्या घेणारी त्रेचाळीस वर्षांची बाई सांगते आहे, तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मोबाईलवर प्राणी पकडायचा एक गेम मी कितीतरी वर्षं खेळते आहे. रस्त्याने चालायचं, दिसेल तो प्राणी पकडायचा, खाऊ घालून वाढवायचा. पण काहींची वाढ एका जागी येऊन अडते. त्यांना पुढचं रूप घ्यायला एक खास वस्तू लागते. कुणाला खडा, कुणाला मुकुट, कुणाला लोखंड. ती मिळवायची रीत अशी, की देवळं, बागा, पुतळे असे जे थांबे गेममध्ये दिसतात, त्यांतल्या एकापाशी रोज चालत जाऊन पडद्यावर बोट लावायचं. सलग सात दिवस. सातव्या दिवशी एक वस्तू निघते. कोणती निघेल ते आपल्या हातात नाही, आणि मध्ये एक दिवस जरी खाडा झाला तरी पुन्हा एकपासून मोजायचं.

सावेडीतल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांना हे माहीत नाही. देवळासमोर फोन काढून उभी राहिले की त्यांना वाटतं, बाई फोटो काढतायत. मीही काही बोलत नाही.

गेल्या वर्षी आईचा उजवा गुडघा बदलला आणि ती माझ्याकडे आली. मी एकटी राहते, त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता. प्रश्न आईचा होता. तिचं घर पाथर्डी तालुक्यात, शेतातल्या वस्तीवर. वडील गेल्यापासून ती तिथे एकटी राहते आणि तिला पुन्हा तिथेच जायचं होतं. संगमनेरहून माझा धाकटा भाऊ आला होता, त्याने दवाखान्यातच अट घातली. एसटी फाट्यावर सोडते, तिथून वस्ती दीड किलोमीटर. "दीड किलोमीटर कुणाचा हात न धरता चालून दाखव," तो म्हणाला, "मग राहा खुशाल. नाहीतर कायमची ताईकडं." आई म्हणाली, "दावते."

म्हणाली खरी, पण तीन आठवडे सोफ्यावरून हलली नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंसमोर पाय वाकवायची, उचलायची, सगळं नीट करायची. बाहेर पडायचं म्हटलं की तोंड फिरवायची. मी चिडून विचारलं तेव्हा कारण कळलं.

"काम नसताना कोण चालतं गं? हातात ना पाटी, ना खुरपं. मोकळ्या हातानं फिरायला लागली तर लोकं म्हनतील, म्हातारी चळली."

"इथे सगळेच फिरतात, आई. सकाळी बघ, अख्खी कॉलनी फिरते."

"त्यांना न्हाई काम. मला हाय, पर ते घरी हाय."

मी तणतणत आत गेले. माझा जुना फोन कपाटात होता, तो काढला, त्यात गेम टाकला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, हे घे काम. फोनला कुलूप लावायला गेले तर तिने लावू दिलं नाही. तिचं माहेर शिंगणापूरजवळचं, जिथे घराला दार लावत नाहीत. "फोनला कशाला लागतंय कुलूप?" म्हणाली.

पहिल्याच दिवशी फाटकाशी तिला एक प्राणी सापडला. मातीचा गोळा, त्याला दोन डोळे, बाकी काही नाही. माझ्या लेखी कुचकामी. आईने त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "ढेकूळ हाय की हे." तेच त्याचं नाव पडलं.

"ह्याचं पुढं काय हुतं?"

मी माझ्या फोनवर दाखवलं. मातीच्या गोळ्याचा मोठा थोरला लोखंडी प्राणी होतो, पुढे नांगराच्या फाळासारखं टोक. आई खुश झाली. ढेकळाला फाळ लागला की काम होतं हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. फक्त त्याला लोखंड लागतं, एवढंच सांगितलं. इंग्रजीत त्या वस्तूचं ऐटबाज नाव आहे, आम्ही आपलं लोखंड म्हणायचो.

"तुझ्याकडं हाय का?"

"तीन आहेत."

"मग दे की एक."

"देता येत नाही. ज्याचं त्यानंच मिळवायचं."

"हे बरं हाय," आई म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

पहिल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गणपतीपर्यंत गेलो. शंभर पावलं. आईने काठी घेतली होती, दुसऱ्या हातात फोन. म्हणजे हात मोकळा नव्हता आणि त्यावर तिचं समाधान होतं. सातव्या दिवशी, गुरुवारी, उन्हाचा खडा निघाला. एरवी मी आनंदाने उडाले असते, कारण तो लवकर मिळत नाही.

"ऊन काय कमी हाय का आपल्याकडं?" आई म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यापासून मी एक थाप मारली. म्हटलं, आता जवळचा थांबा चालत नाही, लांबचा लागतो. तसा काही नियम नाही. एकाच गणपतीला वर्षभर बोट लावलं तरी गेमची हरकत नसते. पण आईने ऐकलं आणि आम्ही बागेच्या दारापर्यंत जायला लागलो. त्या गुरुवारी मुकुट निघाला. आई म्हणाली, ढेकळाला मुकुट घालून काय करू. शुक्रवारी गुडघा सुजला, दोन दिवस बर्फ लावून पडून राहिली. रविवारी पुन्हा एकपासून सुरुवात केली, आणि मी गणिताची बाई असून माझ्या डोक्यात आलं नाही की सातवा दिवस कधी येतो.

सातव्या दिवशी बागेच्या दारापाशी पोचलो. आईने बोट उचललं आणि तसंच हवेत धरलं.

"आज वार कोनता?"

"शनिवार."

तिने बोट मागे घेतलं. फोन पदरात गुंडाळला आणि वळली.

"अगं, लाव ना!"

"शनिवारी लोखंड घ्यायचं नसतं."

शनिवारी लोखंड घेऊ नये, तेल घेऊ नये, हे मलाही माहीत आहे. आमच्या जिल्ह्यात राहून शनीच्या वाकड्यात कोण शिरेल? पण हे म्हणजे अती झालं. मी म्हटलं, आई, आधी लोखंडच निघेल कशावरून? आणि निघालं तरी ते लोखंड नाही, चित्र आहे.

"चित्र हाय? मग चित्रासाठी मला म्हैनाभर कशापायी फिरवलंस?"

मला राग आला. सहा दिवस वाया गेले होते. सुजलेल्या गुडघ्याने चाललेले सहा दिवस. मी रस्त्यातच ओरडले. म्हटलं, अशीच अडून बस प्रत्येक गोष्टीला, म्हणजे जन्मात घरी जायची नाहीस. बागेतून बाहेर पडणारे दोघे-तिघे थांबून बघायला लागले. परतीच्या वाटेवर तिने माझा हात धरला नाही, दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला लाज वाटत होती, आणि ती सांगताही येत नव्हती.

रविवारी सकाळी उठले तर आई चपला घालून दारात बसलेली.

"चल."

"आज पुन्हा पहिला दिवस," मी पडेल आवाजात म्हटलं.

"न्हाई. आज चालायचं, पर बोट लावायचं न्हाई. आज लावलं तर सातवा दिवस पुन्यांदा शनिवारच येतोय. उद्या सोमवार. सोमवारी एक धरला तर सात रविवारी. मोजलंय मी."

तिने ते बोटांच्या पेरांवर मोजलं होतं. मी चपला घातल्या.

पुढचे सगळे सातवे दिवस रविवारी आले. लोखंड मात्र येईना. आम्हाला आणखी दोन मुकुट आले, पुन्हा उन्हाचा खडा आला, एकदा माशाचं खवलं आलं. आईने प्रत्येक वेळी फोनकडे पाहून "असू दे" म्हटलं आणि सोमवारी पुन्हा एक धरला. एव्हाना काठी घरी राहायला लागली होती. मी थांबे लांबवत नेले. शाळेची कमान, मग चौकातला पुतळा, मग पाण्याच्या टाकीपलीकडचं दत्ताचं देऊळ. देवळाचं अंतर मी मोजलं होतं. जाऊन येऊन दीड किलोमीटर बरोब्बर भरत होतं.

तिथे पोचलो त्या आठवड्यात भावाचा फोन आला. आई कितपत चालते, त्याने विचारलं. मी म्हटलं, अजून महिनाभर तरी नको.

हे मी का म्हणाले ते मला तेव्हाच माहीत होतं. मला ती जायला नको होती. ती आल्यापासून शिकवणी संपली की घरात कुणीतरी असायचं. जेवलीस का विचारणारं, माझ्या भाजीला नावं ठेवणारं. मुलं गेली की घर कसं होतं ते मला माहीत होतं, आणि मला ते पुन्हा नको होतं. तिला चालवण्यासाठी मी थाप मारली होती आणि आता तिला अडवण्यासाठी दुसरी मारली. आई तेव्हा ओट्यापाशी मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी दत्ताच्या देवळापाशी आईने बोट लावलं आणि लोखंड निघालं. मीच ओरडले, "आई, लोखंड!" आई हसली. पायरीवर बसली, दम खाल्ला, फोन नीट पदराला पुसला.

"वापर ना. हे इथे दाबायचं."

"हितं नगं. ढेकूळ हाय ते, त्याला रानात मोठं करायचं." मग म्हणाली, "तू भावाला म्हैनाभर म्हनालीस ते मी ऐकलं हुतं. लोखंड मिळालं, चालनं बी झालं. आता मला घरी सोड."

मी मान खाली घातली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि उठली, माझा आधार न घेता.

शनिवारी शिकवणी नसते, म्हणून सवयीने शनिवारी जाऊ म्हणाले. आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. लोखंड घेऊन शनिवारी घरात शिरायचं? रविवारी निघालो. फाट्यावर एसटीतून उतरल्यावर आईने भावाला फोन लावला, "उतरले. आता चालते," एवढंच म्हणाली, आणि मला हुकूम सोडला, "तू मागं राहा." दोन्ही पिशव्या घेऊन मी मागे राहिले. कच्चा रस्ता, मध्ये एक चढ, तिथे ती दोनदा थांबली. मी पुढे झाले की हात मागे करून मला थोपवायची. वस्तीवर पोचलो तेव्हा शेजारच्या मळ्यातून माझी चुलती धावत आली आणि आईला बघून रडायलाच लागली. आई म्हणाली, "रडती कशाला? चुलीवर चहा ठेव."

वस्तीवर फोनला रेंज नाही. हे आम्ही दोघीही साफ विसरलो होतो. ओट्यावर बसून आई लोखंड द्यायला गेली आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं.

सोमवारी सकाळी मी निघाले तर आईनेही चपला घातल्या. म्हणाली, "फाट्यापातूर घालवायला येते." मी नको म्हणणार होते, पण म्हणाले नाही. ह्या खेपेला आम्ही शेजारी-शेजारी चाललो. फाट्यावर मारुतीचं देऊळ आहे, तिथे रेंज आली. आईने ढेकळाला लोखंड दिलं. पडदा पांढरा झाला आणि लोखंडी प्राणी उभा राहिला, मोठा थोरला. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग मागच्या नांगरटीकडे पाहिलं.

"चांगला झाला," म्हणाली. "पर ढेकूळ बी चांगलं हुतं."

मग फोन तसाच धरून तिने मारुतीला बोट लावलं. "आज सोमवार. एक." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लांबचा थांबा लागत न्हाई, ठाव हाय मला. दुसऱ्या आठवड्यातच कळलं हुतं."

एवढ्यात एसटी आली. खिडकीतून मी ओरडले, "पोचलीस की फोन कर!" आई म्हणाली, "घरी कुठं हाय रेंज? उद्या हितं येते, तवा करते." आणि ती वळून चालायला लागली. वळणापर्यंत मला तिची पाठ दिसत होती.

मंगळवारी संध्याकाळी पाचला फोन वाजला. "दोन," आई म्हणाली. बुधवारी "तीन." कधी त्याच्यापुढे दोन वाक्यं असायची, कधी नाही. शनिवारी "सहा" म्हणाली. रविवारी पाच वाजले, सव्वापाच झाले, साडेपाच झाले. मी दुपारपासून फोनपाशी बसून होते. तो रस्ता, तो चढ, तो गुडघा, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. भावाला फोन लावणार इतक्यात तिचाच आला.

"कुठे होतीस?"

"बाभळीखाली टेकले हुते जरा. सात."

मी विचारलं, "काय निघालं?"

"उन्हाचा खडा."

दोघी हसलो. मग ती म्हणाली, "असू दे. दुसरं ढेकूळ धरलंय. उद्या सोमवार, पुन्यांदा एक." आणि लगेच, "तू गेलीस का आज चालायला?"

"नाही."

"मग खाडा हुईल की तुझा. ऊठ, उजेड हाय अजून."